वऱ्हाडातील ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ : परंपरा आणि परिवर्तन

‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. वऱ्हाडावर पोर्तुगिजांचा अंमल कधीच नव्हता. तथापि अमरावती व अकोला येथील मराठी ख्रिस्ती कुटुंबे २५ डिसेंबरच्या सणाला याच नावाने ओळखतात. सणाच्या नावानेच जर एवढा प्रवास केला आहे, तर त्याच्या आचारांवर ‘स्थानिक’ किंवा ‘परकीय’ असा एकच शिक्का मारणे कितपत उचित, असा प्रश्न सहजच उपस्थित होतो. घरगुती नाताळाविषयी दोन मते वारंवार ऐकू येतात. करंज्या, चकल्या व आकाशकंदील हे पूर्वधर्मातील अवशेष होत, असे एक मत. केक, नाताळवृक्ष व शुभेच्छापत्रे हे मिशनऱ्यांचे अनुकरण होय, असे दुसरे. प्रस्तुत लेखाचा हेतू असा, की ही दोन्ही मते अपुरी असून कुटुंबातील परिवर्तनाची खरी कारणे नात्यांच्या घडणीत शोधावी लागतात, हे दाखवावे.

प्रथम ऐतिहासिक पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६७ मध्ये भुसावळ ते नागपूर हा लोहमार्ग अकोला व बडनेरा या गावांवरून सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकोला, अमरावती, अचलपूर व मेळघाट या भागांत निरनिराळ्या मिशनांनी कार्य आरंभिले. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत अनाथ झालेल्या अनेक मुलामुलींना मिशनांनी आश्रय दिला. रोमन कॅथॉलिक पंथीयांचा स्वतंत्र अमरावती धर्मप्रांत त्यानंतर पुष्कळ काळाने, १९५५ साली स्थापन झाला. अर्थात येथील ख्रिस्ती समाज एका जातीचा, एका पंथाचा किंवा एका काळी घडलेला नाही, आणि म्हणून त्याचा नाताळही एकाच साच्याचा असू शकत नाही.

आता अनुकरणाचे मत पाहू. अनुकरण म्हणावयाचे तर ज्याचे अनुकरण केले ते पूर्वीपासून स्थिर असावयास हवे. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ साली मुंबईस आले, ते न्यू इंग्लंडच्या ज्या परंपरेतून, त्या परंपरेत नाताळ साजरा करणे फारसे मान्य नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत या सणावर कायद्याने बंदी होती, आणि तेथे नाताळाची सार्वजनिक सुटी १८५६ मध्ये मिळाली. छापील शुभेच्छापत्र लंडनमध्ये १८४३ साली निघाले. नाताळवृक्ष मूळचा जर्मन प्रदेशातील; इंग्लंडमधील सामान्य घरांत तो रूढ झाला तो व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत. सारांश, ज्यास आपण पाश्चात्त्यांची प्राचीन प्रथा समजतो, तिचा बराचसा भाग वऱ्हाडातील मिशनांहून काही दशकेच जुना आहे.

अवशेषाचे मतही असेच तपासून पाहावे लागते. फराळ टिकला तो जुन्या श्रद्धेचा उरलेला अंश म्हणून, असे मानल्यास त्याच्या सामाजिक कार्याकडे दुर्लक्ष होते. धर्मांतराने सर्वांत मोठा आघात होत असे तो पंक्तीवर. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. या मधल्या काळात अन्नपाण्याच्या प्रश्नाने एका कुटुंबात केवढी उलथापालथ झाली, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांस ठाऊकच आहे. या दृष्टीने पाहता, दिवाळीत शेजारच्या घरून आलेल्या ताटाला नाताळात ओळखीच्याच पदार्थांचे ताट परत पाठविणे यास विशेष अर्थ प्राप्त होतो. करंजी शेजारणीला परिचित असते. ती कशी केली, कशात तळली, हे तिला विचारावे लागत नाही. फराळ हे शेजारधर्म पुन्हा जोडण्याचे साधन होते.

ऋतुमानाचाही येथे विचार केला पाहिजे. वऱ्हाडात डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचा व नव्या ज्वारीच्या हुरड्याचा काळ. दिवाळीस पुष्कळदा कापूस शेतातच असतो. नाताळापर्यंत वेचणीची मजुरी किंवा विक्रीचा पैसा काही प्रमाणात हाती आलेला असतो. नव्या कपड्यांची व तळणीची बेगमी त्यामुळे शेतीच्या हिशेबातही बसते.

गायनाच्या बाबतीत हीच प्रक्रिया आढळते. टिळकांच्या पद्यरचनेने व कीर्तनाने मराठी ख्रिस्ती उपासनेला देशी चालींचे वळण दिले. नाताळापूर्वीच्या रात्री तरुण मंडळी पेटी, ढोलकी व झांजा घेऊन घरोघर गात जातात, तेव्हा परभाषेतून आलेले गीत आणि भजनाच्या चालीवरील पद एकाच फेरीत म्हटले जाते. पूर्वी ही फेरी पायी होत असे. वस्ती शहरभर विखुरल्यावर ती वाहनाने होऊ लागली, आणि प्रत्येक घरी थांबण्याचा वेळ त्यामुळे कमी झाला.

यातूनच मुख्य मुद्द्याकडे येता येते. ज्या मुलीस आश्रमाखेरीज माहेर नव्हते, तिच्या दृष्टीने मिशनचे आवार हेच माहेर. आप्तांपासून तुटलेल्या पहिल्या पिढीला मंडळीतील शेजारी हेच मामा, मावशी, आजी झाले. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत रक्ताची नाती पुन्हा विस्तारली, शिक्षक, परिचारिका, रेल्वेतील नोकरदार असे लोक गाव सोडून गेले, आणि नाताळ हा आवारातील सामूहिक सण न राहता घरी परतण्याचा सण झाला. बांबूच्या कामट्यांची कागदी चांदणी जाऊन विजेची आली, केक बेकरीतून व फराळ दुकानातून येऊ लागला. हे फरक डोळ्यांत भरणारे असले तरी गौण आहेत. कोणाच्या घरी ताट जाते, कोणाची वाट पाहिली जाते, वडीलधाऱ्यांपैकी प्रार्थना कोण सांगते, यांत झालेला फरक अधिक खोल आहे. फराळ विकत आणला तरी ताट जात असेल, तर परंपरा चालू आहे असे म्हणता येते. फराळ घरी झाला पण ताट कोठेच गेले नाही, तर ती खंडित झाली असे मानावे लागते.

क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच वस्तूंच्या याद्यांवर समाधान मानू नये. मंडळीच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या तारखा सापडतात; स्वयंपाकघरातील इतिहास मात्र त्यांत नसतो. तो वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहे. एकाच कुटुंबातील तीन पिढ्यांना स्वतंत्रपणे तोच प्रश्न विचारावा : तुमच्या घरून ताट कोणाकडे जात असे, आणि ते कधी थांबले? उत्तरांतील तफावत हीच अभ्यासाची सामग्री होय. या समाजाविषयी बाहेरच्यांनी पुष्कळ लिहिले, त्याला कधी परका ठरविले, कधी अर्धवट परिवर्तित. त्याचे घरगुती जीवन त्याच्याच शब्दांत नोंदविण्याचे काम मात्र फार थोडे झाले आहे. सांगणारी पिढी वृद्ध झाली आहे. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.