कपाट नवं, लाकूड जुनं!

नव्या फ्लॅटमधली पहिली खरेदी कोणती? कपाट! मीही पार्टिकल बोर्डचं मस्त पांढरंशुभ्र कपाट घेतलं. उंची जरा जास्त झाली, म्हणून सुतारकाकांनी बेडरूममध्येच करवत चालवली. उरलेले तुकडे वॉचमनकाकांनी शेकोटीसाठी मागितले. मी खुशीत देणार, तेवढ्यात सुतारकाका म्हणाले, ''ताई, हे जाळायला देऊ नका. यात कुठलं लाकूड असेल, काय सांगावं?''

आता लाकूड ते लाकूडच ना? नाही बॉस! पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी. इटलीत तर त्यासाठी जुनी खोकी, पॅलेट्स, मोडकं फर्निचर सर्रास वापरतात. आयडिया भारीच. झाडं वाचतात, कचराही कमी होतो. लोचा एवढाच, की त्या लाकडाला पूर्वी जे फासलं, तेही सोबत येऊ शकतं. जुन्या रंगातलं शिसं किंवा वाळवी लागू नये म्हणून मुरवलेलं तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. अमेरिकेत बहुतेक घरगुती कामांसाठी असं लाकूड बनवणं २००३च्या अखेरीस थांबलं. पण त्याआधीचे कठडे आणि कुंपणं अजूनही मोडीत निघतात.

गंमत म्हणजे नव्या कपाटाचा डोळ्यांना झोंबणारा वास यांचा नसतोच! तो डिंकातल्या फॉर्मल्डिहाइडचा. शिसं, आर्सेनिक बोर्डात वास न देता गपचूप बसतात. ते बाहेर पडतात कापताना भुशातून आणि जाळल्यावर धुरातून, राखेतून.

म्हणूनच युरोपातल्या बोर्ड उत्पादकांच्या संघटनेने मर्यादा आखली: किलोमागे शिसं ९० मिलिग्रॅम, आर्सेनिक २५. हे आकडे आले कुठून? लहान मुलांच्या खेळण्यांच्या नियमांतून!

मग आपण काय करायचं? बोर्ड घेताना 'ई-वन', म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइडचा मागा. जुनं लाकूड वापरलंय का आणि तपासलंय का, हे बिनधास्त विचारा. कापाकापी घराबाहेर, तीही मास्क लावून. उघड्या कडांना पट्टी हवीच. सुरुवातीचे काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा. आणि तुकडे शेकोटीत किंवा बंबात? अजिबात नाही!

बेडरूममधला भुसा मी ओल्या फडक्याने दोनदा पुसला. वॉचमनकाकांना तुकड्यांऐवजी जाड ब्लँकेट आणून दिलं. कपाटाचं बजेट थोडं वाढलं खरं, पण त्या रात्री झोप छान लागली. मला आणि त्यांनाही!