खनिजसमृद्ध गोव्यातही स्पाँज आयर्नच्या भट्ट्यांना कच्च्या मालाची चणचण

जगात सर्वाधिक स्पाँज आयर्नचे उत्पादन भारतात होते. इंडक्शन भट्ट्यांमध्ये हेच लोखंड वितळवून घरबांधणीच्या सळ्यांसाठी लागणारे पोलाद तयार केले जाते. मात्र गेली अनेक वर्षे या उद्योगाला कच्च्या मालाच्या टंचाईने ग्रासले आहे. दशकानुदशके लोहखनिजाची निर्यात करणाऱ्या गोव्यात, सांगे तालुक्यातील भट्ट्यांनाही तिची झळ बसते. हे वरवर विसंगत वाटले, तरी त्याचे मूळ खनिजाच्या प्रतीत आहे.

स्पाँज आयर्न तयार करताना खनिज वितळवले जात नाही. सावकाश फिरणाऱ्या लांब नळकांडी भट्टीत, सुमारे एक हजार अंश सेल्सिअस तापमानात, कोळशाच्या साहाय्याने खनिजातील प्राणवायू काढून घेतला जातो आणि सच्छिद्र लोखंड शिल्लक राहते. खनिजातील सिलिका व ॲल्युमिना मळीच्या रूपाने वेगळे होत नाहीत. ते लोखंडातच राहतात आणि पुढच्या टप्प्यात विजेचा खर्च वाढवतात. म्हणून या भट्ट्यांना साधारणतः ६३ टक्क्यांहून अधिक लोह असलेले ढेकळांच्या स्वरूपातील खनिज किंवा पेलेट लागतात. बारीक भुकटी घातल्यास भट्टीच्या आतील भिंतीवर थर चढतात व काम थांबवून ते फोडावे लागतात. एक टन उत्पादनासाठी सुमारे दीड टन खनिज खर्ची पडते.

गोव्यातील खनिज बहुतांशी भुकटीच्या स्वरूपात असून त्यातील बराचसा साठा ५८ टक्क्यांहून कमी लोहाचा आहे. चीनमधील मोठे कारखाने ते उच्च प्रतीच्या खनिजात मिसळून वापरतात, म्हणूनच त्याला तेथे मागणी राहिली. स्थानिक भट्ट्यांना मात्र कर्नाटकासारख्या परराज्यांतील खनिजाकडे पाहावे लागते.

तो आधारही भक्कम राहिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०११ रोजी बळ्ळारी जिल्ह्यातील खाणकाम रोखले. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी गोव्यातील खाणींवरही बंदी आली. २०१४ मध्ये वार्षिक दोन कोटी टनांच्या मर्यादेसह ती उठली. पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि खाणी पुन्हा थंडावल्या. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात पहिल्यांदा खाणपट्ट्यांचा लिलाव झाला. लिलावात बोली लावण्याची ऐपत मोठ्या कंपन्यांचीच असते. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसच्या स्पाँज आयर्न प्रकल्पामागे लॉइड्स मेटल्सची गडचिरोलीतील सुरजागड खाण उभी आहे. स्वतःची खाण नसलेल्या लहान भट्टीमालकाला बाजारात मिळेल त्या दराने खनिज घ्यावे लागते.

कोळशाची स्थिती याहून बिकट आहे. देशी कोळशात राखेचे प्रमाण अधिक असते. शिवाय टंचाईच्या काळात वीजनिर्मिती केंद्रांना प्राधान्य मिळते. २०२१ च्या कोळसा संकटात इतर उद्योगांचा पुरवठा आखडला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले, तेव्हा काही स्पाँज आयर्न कंपन्यांचा हक्काचा कोळसाही गेला. त्यामुळे अनेक कारखाने दक्षिण आफ्रिकेच्या कोळशावर विसंबतात आणि जागतिक दर व रुपयाची घसरण या दोन्हींचा भार सोसतात.

भट्टी मनात येईल तेव्हा विझवता व पेटवता येत नाही. ती गार झाली की आतील उष्णतारोधक विटांना तडे जाण्याचा धोका असतो आणि पुन्हा तापवण्यात इंधन व दिवस दोन्ही खर्ची पडतात. या काळात कामगारांची मजुरी अडते, मालवाहू ट्रक उभे राहतात.

हलक्या खनिजाची प्रत सुधारून त्याचे पेलेट करणे, हा यावरचा शाश्वत मार्ग आहे. गोव्याला तो नवा नाही. चौगुले उद्योगसमूहाने १९६७ मध्येच डिचोली तालुक्यातील पाळी येथे असा प्रकल्प उभारला होता. मात्र त्यासाठी मोठे भांडवल, स्वस्त वीज आणि मुबलक पाणी लागते. लिलावातून सुरू होणाऱ्या खाणींच्या खनिजाचा काही भाग या प्रक्रियेकडे वळला, तरच गोव्याचे खनिज गोव्याच्या भट्ट्यांच्या उपयोगी पडेल. अन्यथा आपले खनिज जहाजाने बाहेर आणि परक्याचे खनिज घाट उतरून आत, हा उलटा प्रवास चालूच राहील.