चार लेटरहेड, एक गाव

भिवापूरचे नाव मिरचीमुळे झाले, कागदांमुळे नाही. तरी इथल्या एखाद्या जुन्या घराच्या पेटीतली सरकारी पत्रे तारखेने लावून पाहावीत. गाव जागचे हलत नाही, सरकार मात्र हलत राहते. आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. तेव्हा उमरेड तहसिलीत असलेल्या या गावाला पत्र पाठवणारा नागपूर जिल्ह्याचा डेप्युटी कमिश्नर पुढे कलेक्टर झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि बीडीओची सही गावात फिरू लागली. मधल्या काळात, ३१ मार्च १९५१ ला, मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली. त्या सुमाराचे कागद जुन्या मालगुजारांच्या आणि कुळांच्या घरी अजून निघतात.

असे कागद जमवणाऱ्याला आधी सही ओळखता यावी लागते. खाली ‘सही/-’ असे टाइप केले असेल, तर ती नक्कल. सहीआधी ‘करिता’ असेल, तर साहेबांच्या वतीने हाताखालच्याने सही केली आहे. ‘स्थळप्रत’ म्हणजे कार्यालयाने स्वतःपाशी ठेवलेली प्रत. मूळ पत्रावर जावक क्रमांक असतो आणि तोच जावक नोंदवहीत सापडतो. सगळ्यांत मोलाचे ते अर्धशासकीय पत्र, म्हणजे अ.शा. पत्र. नेहमीच्या पत्रात पद बोलते. इथे अधिकारी समोरच्याला नावाने लिहितो, खाली स्वतःचे नाव घालतो आणि क्वचित समासात हाताने एखादी ओळही खरडतो.

सही कोणाची हे कळले, की माणूस शोधायचा. त्यासाठी त्या काळच्या सिव्हिल लिस्ट आणि गॅझेट आहेत. राज्याच्या पुराभिलेख विभागाची नागपूरलाही शाखा आहे. या प्रांतातली दोन नावे तर शोधणाऱ्याला बक्षीस वाटावीत अशी आहेत. एक आयसीएस अधिकारी आर. व्ही. रसेल. १९०८ चा नागपूर जिल्हा गॅझेटियर त्यांनी संपादला. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ, रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने झालेला, १९१६ मध्ये निघाला. तो पाहायला ते नव्हते. ३० डिसेंबर १९१५ ला ‘पर्शिया’ हे जहाज भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडवले, त्यात ते गेले.

दुसरे चिंतामणराव देशमुख. जन्म कोकणातला, पण आयसीएसमधली उमेदीची वर्षे याच प्रांतात गेली: अंडर सेक्रेटरी, डेप्युटी कमिश्नर, सेटलमेंट ऑफिसर. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटांवर घरोघर पोहोचली. म्हणून नोटेवरची सही स्वस्त, महसुली पत्रावरची दुर्मीळ. आणि १९५६ च्या ज्या राज्य पुनर्रचनेने भिवापूरचे लेटरहेड बदलले, तिच्यातच मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले.

माझे स्वतःचे मन मात्र मोठ्या नावांपेक्षा नायब तहसीलदारात जास्त रमते. त्याच्यावर चरित्र कोणी लिहिणार नाही. पण कोणाचा पेरा बुडाला, कोणाची विहीर मंजूर झाली, हे त्याच्याच सहीने ठरले. वाचता न येणाऱ्या त्या सहीखाली पदाचा शिक्का आणि तारीख असेल, तर नाव अजूनही सापडू शकते.

पण कुठला कागद ठेवायचा, यालाही मर्यादा आहे. तुमच्या आजोबांना आलेले पत्र तुमचे. स्थळप्रत मात्र कार्यालयाची, ती बाजारात दिसली तर तिथे कशी आली हे विचारावे. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेखांसाठी १९९३ चा कायदा आहे, महाराष्ट्राच्या अभिलेखांसाठी २००५ चा. ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित ७५ वर्षांचे झाले, की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. दुसरीकडे कार्यालये स्वतःच नियमाने कागद कमी करतात: सहा गठ्ठे पद्धतीत ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ड’ वर्ग वर्षभराचा. ‘ड’मध्ये टाकलेल्या पत्राची स्थळप्रत नष्ट झाली, की घरातली मूळ प्रत एकटीच उरते. तिला लॅमिनेशन करू नये, सेलोटेप तर नाहीच. आम्लमुक्त कागदात सपाट ठेवावी, आणि पत्र कोणाला, कशाबद्दल आले होते, हे मागे पेन्सिलीने लिहावे. घरात ते सांगणारे म्हातारे माणूस आहे तोवरच.