नळी लावलेलं लेकरू घरी आलं, तर एकट्या अम्मीनं शिकून भागणार नाही

कुणाच्या नाकातून दूधनळी, कुणाच्या गळ्यात श्वासाची नळी, कुणाला ऑक्सिजनचं मशीन. असं मूल नागपूरहून चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरी येतं, तेव्हा नर्सचं काम घरच्यांवर येतं. बहुतेक घरांत ते एकट्या अम्मीवर पडतं. तिलाच ताप आला तर? म्हणून सुट्टी होण्याआधी घरातल्या निदान दोघांनी सगळं नर्ससमोर स्वतःच्या हातानं करून दाखवावं. नुसतं बघून येत नाही, हे आम्ही शिक्षक रोज वर्गात पाहतो.

घरच्यांना जमेल का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. शिकवणारा आणि पाठीशी राहणारा कुणी असेल, तर जमतं.

दूधनळीची खूण नाकाजवळ जागेवर आहे का, ते दर वेळी आधी बघा. नळी जागेवर असल्याची खात्री दवाखान्यात शिकवलेल्या पद्धतीनंच करा. दूध देताना आणि नंतर अर्धा तास डोकं उंच ठेवा. खोकला आला, ओठ निळे पडले तर दूध लगेच थांबवा. नळी निघाली तर शिकल्याशिवाय परत घालू नका. दूध न देता दवाखाना गाठा. नळी थेट पोटात बसवलेली असेल तर जास्त घाई करा, कारण ते छिद्र काही तासांतच आवळू लागतं.

गळ्यात श्वासाची नळी असेल तर तावीजचा धागा गळ्यात नको, उशाशी ठेवा. त्याच मापाची आणि एक माप लहान अशा दोन जादा नळ्या हाताशी हव्यात. वीज गेली तर कफ ओढायला हातानं चालणारा पंप लागतो. ऑक्सिजनचं मशीनही विजेवरच चालतं, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ असू द्या. त्या खोलीत चूल, लोबान, अगरबत्ती, बिडी काहीच नको. ऑक्सिजनजवळ आग झपाट्यानं भडकते.

आपल्याकडे रस्त्याचाही विचार आधीच करावा लागतो. सिरोंचाहून गडचिरोली 200 किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पाऊस लागण्याआधीच डॉक्टरांना विचारून जादा सामान आणून ठेवा. 108 आणि वॉर्डाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. आशाताईंना घरी बोलावून सगळं दाखवा.

आणि शाळेला कळवा. दिव्यांग मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत घरी येऊन शिकवण्याची सोय आहे. नळी लागली म्हणून लेकराचं नाव पटावरून काढू नका. आणि अम्मीला रोज दोन तास तरी निवांत झोपू द्या.