मांजराची मूत्रपिंडे आणि त्याचे ताट



कामगारांची गाऱ्हाणी मांडणारा माणूस आज मांजराच्या मूत्रपिंडांवर बोलणार, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कारण साधे आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत एक बोका होता. म्हातारपणी तो फार पाणी पिऊ लागला. मी म्हटले, उन्हाळा आहे. पुढे तो वाळला, आणि मूत्रपिंडे बिघडल्याचे कळताच ऐकीव ज्ञानावर मी त्याची मासळी तोडून त्याला दूधभातावर ठेवले. थोड्याच दिवसांत त्याचा सापळा झाला. तो गेल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचले, पशुवैद्यांना विचारले. माझी चूक आपल्या हातून होऊ नये, एवढाच हेतू.

मांजराच्या एकेका मूत्रपिंडात नेफ्रॉन नावाच्या सुमारे २ लाख सूक्ष्म गाळण्या असतात. निकामी झालेली गाळणी पुन्हा उभी राहत नाही. खात्यातली माणसे कमी केली की उरलेल्यांवर जादा काम पडते आणि तीही लवकर झिजतात. इथेही तसेच होते. सुमारे दोन-तृतीयांश गाळण्या गेल्या की लघवी पातळ होते व तहान वाढते. रक्तातले क्रिएटिनिन स्पष्टपणे वाढेपर्यंत बहुधा तीन-चतुर्थांश गेलेल्या असतात.

प्रथिनांचा मळ मूत्रपिंडांना उपसावा लागतो, म्हणून मांस तोडावे, हा तर्क अर्धाच खरा आहे. माणूस किंवा कुत्रा कमी प्रथिनांशी जुळवून घेतो. मांजराचे यकृत प्रथिने जाळण्याचा वेग फारसा उतरवू शकत नाही. ताटात मिळाले नाही, तर मांजर आपल्याच स्नायूंतून काढते. दूधभाताने आमच्या बोक्याचे हेच झाले. प्रथिने बेताची द्यावीत, पण उत्तम प्रतीची द्यावीत.

खरी नजर ठेवायची ती फॉस्फरसवर. थकलेली मूत्रपिंडे तो बाहेर टाकू शकत नाहीत. तो रक्तात साचला की गळ्यातील परावटु ग्रंथी जोरात काम करू लागतात, हाडांतील कॅल्शियम निघते आणि दोन्ही मिळून मूत्रपिंडांतच जमतात. म्हणून पथ्याच्या खास आहारात फॉस्फरस व मीठ कमी ठेवतात. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४५ आजारी मांजरे दोन गटांत वाटून दोन वर्षांपर्यंत पाहिली. साधे अन्न खाणाऱ्या २३ पैकी ६ मांजरांना रक्तात मळ साचून गंभीर अवस्था आली. पथ्यावरील २२ पैकी एकालाही नाही.

आता घरातली गोष्ट. सुका बोंबील आणि सुकट आपण लाडाने घालतो. त्यांत मीठही आहे आणि काट्यांसकट फॉस्फरसही. ते आधी बंद करा. दुधातही फॉस्फरस असतोच. पाणी ठिकठिकाणी ठेवा. कोरड्या दाण्यांपेक्षा ओले अन्न बरे. नवा आहार जुन्यात थोडा थोडा मिसळत काही आठवड्यांत बदला; मळमळ चालू असताना तो पुढे केला तर मांजर त्याचा कायमचा तिटकारा घेते. आणि उपाशी ठेवून वठणीवर आणू नका. काही दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी भरते व ते दगावू शकते. खास आहार महाग आहे हे मी जाणतो. तो परवडला नाही किंवा मांजराने नाकारला, तर फॉस्फरस अडवणारे औषध नेहमीच्या अन्नात मिसळता येते. ते अन्नाबरोबरच दिले पाहिजे, आणि प्रमाण पशुवैद्यांनी रक्त तपासून ठरवावे.

दरमहा मांजराचे वजन करा. दहा वर्षांपुढचे मांजर जादा पाणी पिऊ लागले, तर उन्हाळ्याला दोष देण्याआधी त्याचे रक्त व लघवी तपासून घ्या. मी ते केले नाही.