परसबागेची रोपे ओसरीवर

गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील काळ्या जमिनीत वांगी, टोमॅटो व मिरची उत्तम येतात. परंतु जून महिन्यात त्यांची रोपे उघड्या वाफ्यावर तयार करणे जोखमीचे असते. आरंभीचे ऊन कोवळा अंकुर करपविते. पुढे जोराच्या सरीने बी वाहून जाते, किंवा काळ्या मातीत पाणी तुंबून रोप बुडाशी कुजते व आडवे पडते. थंड देशांत रोपे घरात वाढवितात ती हिमापासून रक्षणासाठी. वऱ्हाडात हेच काम ऊन व पाऊस यांच्यापासून रक्षणासाठी करावयाचे असते. येथे ऊब देण्याची गरज नसून सावली आणि उजेड यांचा मेळ घालावयाचा असतो.

शाळेच्या परसबागेपुढील खरी अडचण वेळापत्रकाची आहे. उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. मिरचीचे रोप लावणीयोग्य होण्यास सुमारे ४० दिवस लागतात. टोमॅटोस २५ ते ३० दिवस पुरतात. शाळा उघडल्यावर मिरचीचे बी पेरले, तर लावणी ऑगस्टवर जाते. म्हणून सुटीपूर्वीच तीन-चार विद्यार्थ्यांच्या घरची ओसरी निश्चित करावी. एकाच घरावर विसंबू नये. सुटीत मुले मामाच्या गावी जातात. मिरची जूनच्या आरंभी व टोमॅटो त्यानंतर दहा दिवसांनी पेरावा.

ओसरी पूर्वाभिमुख असल्यास उत्तम. सकाळचे कोवळे ऊन मिळावे व दुपारी सावली असावी. आतल्या अंधाऱ्या खोलीत अंकुर उजेडाच्या शोधात लांब व फिकट वाढतात. असे रोप शेतात टिकत नाही. कोंबड्या व शेळ्या यांची दृष्टी चुकविण्यासाठी खोके फळीवर वा बाजेवर ठेवावे.

बोटभर खोलीचा जुना डबा अथवा लाकडी खोके चालते. मात्र तळाशी छिद्रे हवीतच. नुसती काळी माती भरू नये. ती ओली असता घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते. पोयट्याची माती, चाळलेले जुने शेणखत व वाळू समभाग घ्यावी. हे मिश्रण मे महिन्यात ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात ठेवल्यास त्यातील पुष्कळशी रोगबीजे मरतात. वऱ्हाडच्या उन्हाचा हा फुकटचा उपयोग होय. एका ग्रॅममध्ये टोमॅटोचे सुमारे ३०० बी असते, म्हणून चिमूटभर पुरे. बी दाट फेकू नये. अर्धा सेंटिमीटर खोल, ओळीत पेरावे. पाणी सकाळी, बारीक धारेने द्यावे. रोपे दगावतात ती बहुधा मुलांच्या अतिउत्साहाने. दर मधल्या सुटीत पाणी घातले जाते!

लावणीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करून रोपे क्रमाने उन्हात सरकवावीत व सायंकाळी वाफ्यात लावावीत. भेंडी, गवार व चवळी यांस हा खटाटोप नको. ती थेट टोकावीत.