विमानात हवा कोठून येते?

प्रवासी विमान ३५,००० फुटांवरून जात असते, तेव्हा बाहेरील तपमान शून्याखाली सुमारे ५५ अंश असते आणि हवा इतकी विरळ, की तीत मनुष्य मिनिटभरातच शुद्ध हरपेल. तरीही आत शेदोनशे माणसे निवांतपणे चहा घेत असतात.

बहुतेक जेट विमानांत इंजिनाने दाबलेली हवा, तिच्यात इंधन मिसळण्यापूर्वीच, काढून घेतात व थंड करून आत सोडतात. आतील जवळजवळ निम्मी हवा बारीक गाळण्यांतून पुन्हा फिरविली जाते. नेहमीच्या उड्डाणात आतील दाब ८,००० फूट उंचीवरील दाबाहून कमी होता कामा नये, असा अमेरिकेचा नियम आहे. म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंचीवर बसल्यासारखेच! ही हवा अत्यंत कोरडी असते. आमच्या दमट किनाऱ्यावरून निघालेल्या माणसाचा घसा लवकरच सुकतो, तो यामुळे.

दर माणशी दर मिनिटास ०.५५ पौंड, म्हणजे सुमारे पाव किलो, ताजी हवा पुरविण्याची सोय विमानाच्या रचनेतच असावी लागते. विषारी कार्बन मोनॉक्साइड २०,००० भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. उंचावरील ओझोन वायूलाही अशीच मर्यादा आहे.

हे सारे आपोआप घडले, असे मात्र कोणी समजू नये. पूर्वी विमानात काही रांगा धूम्रपान करणाऱ्यांसाठी राखून ठेवीत. धुराला रांग कोठली ठाऊक! तासन् तास तो धूर गिळणाऱ्या विमानसेविकांनी आवाज उठविला. १९८६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने देशांतर्गत विमानांत बंदीची शिफारस केली. त्या देशात १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या व १९९० मध्ये सहा तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांवर बंदी आली. परदेशी जाणारी-येणारी उड्डाणे २००० साली तिच्या कक्षेत आली.

एक दुखणे अद्याप उरले आहे. इंजिनातील तेल गळले, तर त्याची वाफ त्याच वाटेने आत शिरू शकते; तिचा दर्प मळक्या मोज्यांसारखा येतो म्हणतात. वरील नियम मुख्यतः विमानाच्या बांधणीला लागू पडतात. प्रत्येक उड्डाणात हवा मोजीत राहण्याची सक्ती त्यांत नाही. मग आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याने आपण काय हुंगले, हे सिद्ध करावे तरी कसे? २०११ पासून सेवेत असलेले बोइंग ७८७ हे विमान प्रवाशांसाठी इंजिनातून हवा घेत नाही. विजेवरील यंत्रे बाहेरची हवा दाबून आत घेतात. परंतु जुन्या पद्धतीची विमानेच आजही बहुसंख्य आहेत, आणि त्यांत हवामापक यंत्रे बसवावीत, अशी विमानकर्मचाऱ्यांच्या संघटनांची मागणी आहे.